विमानवाल्या बाईंनी वाट पाहिली नव्हती

सुरंगी (धागाकर्ती)

आमच्या बाई गेल्या. तेव्हापासून देवगड-मालवणकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर फिरतो आहे: 'अर्धशतकाहून अधिक काळ पतीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली वीरपत्नी.' खाली समई, खाली तिरंगा. लिहिणाऱ्याच्या मनात आदरच आहे. पण त्यातली मुख्य गोष्ट खरी नाही आणि ती तशीच पुढे जाऊ नये असं मला फार वाटतं, म्हणून हा धागा.

बाईंचं नाव आणि गाव देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे. देवगड तालुका एवढं पुरे. पंचक्रोशीत त्यांना 'विमानवाल्या बाई' म्हणायचे. मी त्यांची विद्यार्थिनी आणि शेजारीण.

लग्न १९६९ चं. ते वायुसेनेत, हंटर विमान उडवायचे. बाई रत्नागिरीच्या, बीएस्सी झालेल्या. संसार सगळा छावणीतल्या क्वार्टरमध्ये, तोही तुटक तुटक. ३ डिसेंबर १९७१ च्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या पश्चिमेकडच्या विमानतळांवर हल्ले केले आणि युद्ध सुरू झालं, तेव्हा बाई सासरी गावात होत्या. काही दिवसांनी तार आली. पोस्टमास्तरांनी ती पोस्टमनच्या हाती दिली नाही, स्वतः घाटी चढून घरी आले. तारेत 'बेपत्ता' होतं. १७ तारखेला पश्चिमेकडची लढाई थांबली, गावात साखर वाटली गेली, आणि या घरासमोरून जाताना लोक बोलणं थांबवून पुढे जायचे, असं माझी आई सांगते.

त्या काही महिन्यांत बाईंनी वाट पाहिली, हे खरं. आकाशवाणीच्या प्रत्येक बातमीपत्राला त्या रेडिओजवळ असायच्या. पण मोहोराच्या दिवसांत त्यांच्या स्क्वाड्रनमधला एक अधिकारी गावात आला. मुंबईहून बोटीने, पुढे एसटीने, पुढे चालत. त्या दिवशी तो मागच्या विमानात होता. त्याने ओटीवर बसून सांगितलं, विमान पेटलेलं पाहिलं, जमिनीवर आदळलेलं पाहिलं, पॅराशूट उघडलं नाही. बाईंनी त्याला फिरून फिरून तेच विचारलं आणि त्याने प्रत्येक वेळी तेच सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. सासूबाई आत चुलीपाशी होत्या, त्यांनी ऐकलं. मग त्याला जेवायला वाढलं.

बाई मला म्हणाल्या होत्या, "त्या माणसाने माझ्यावर जे उपकार केले ते कुणीच केले नाहीत. तो आला नसता तर मी आयुष्यभर दाराकडे बघत बसले असते." दर वर्षी मे महिन्यात बागेतली पहिली हापूसची पेटी त्याच्या पत्त्यावर जायची. तो गेल्यावर त्याच्या बायकोच्या नावाने जाऊ लागली.

मृतदेह मिळालेला नव्हता. सासूबाईंच्या समाधानासाठी भटजींनी पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी केला. त्या दिवशी बाईंनी कुंकू पुसलं, मंगळसूत्र मात्र ठेवलं. आळीतल्या बायकांनी टोकलं तर उत्तर ठरलेलं: "कुंकू तुम्हा सगळ्यांना दिसायला होतं. हे त्यांनी माझ्या गळ्यात घातलंय." अखेरपर्यंत ते गळ्यात होतं.

मग नातेवाइकांची बैठक बसली. बाई तेव्हा पंचविशीच्याही नव्हत्या, मूल नव्हतं. कुणीतरी सुचवलं, धाकट्या दिराशी लग्न लावून द्या, घरची सून घरात राहील, पेन्शनही बुडणार नाही. दीर मुंबईला नोकरीला होता. तो उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनीला आधी विचारलंत का?" त्याच्यानंतर कुणी बोललं नाही. सासूबाईंनीच शेवट केला: "गे बाय, तू जा नि शिक. हय बसान काय करतलंस?" बाई बीएडला कोल्हापूरला गेल्या.

युनिटकडून त्यांचं सामान आलं होतं, एक काळी ट्रंक. कपडे, दाढीचं सामान, पत्रं, हवामानाच्या टिपणांची एक वही आणि फ्लाइंग लॉगबुक. वैमानिकाचं लॉगबुक ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: प्रत्येक उड्डाणाची एक ओळ असते. तारीख, विमानाचा प्रकार आणि नंबर, काम काय, हवेत किती वेळ. महिनाअखेर बेरीज आणि वरिष्ठाची सही. बाईंनी ते एखाद्या पाठ्यपुस्तकासारखं अभ्यासलं. समजलं नाही ते पत्र पाठवून त्या मित्राला विचारलं. कोणत्या दिवशी नवरा रात्रीच्या अंधारात उतरला, कोणत्या महिन्यात आजारी असल्यामुळे उडाला नाही, कोणत्या दिवशी इंजिनाने त्रास दिला, सगळं त्यांना तारीखवार माहीत होतं. "दोन वर्षांच्या संसारात आम्ही बोललो त्यापेक्षा जास्त यात आहे," असं म्हणायच्या.

आणि ते सगळं आमच्यापर्यंत आलं. बाई गणित आणि भूगोल शिकवायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत जादा वर्ग असला की शाळेच्या मागच्या सड्यावर न्यायच्या आणि पूर्वेला सह्याद्रीवर चढणारे ढग दाखवायच्या. खाली सपाट, वर कोबीसारखा फुगलेला, आणि माथा ऐरणीसारखा पसरला की तो क्युम्युलोनिंबस. "यात विमान नेत नाहीत. आत वारा एकाच वेळी वर पण जातो आणि खाली पण." हे त्या वहीतलं. समुद्रावरचा वारा दुपारी जमिनीकडे का येतो, रात्री उलटा का फिरतो, हे मी पुस्तकात वाचण्याआधी त्यांच्याकडून शिकले, आणि आमच्या वर्गातल्या गाबत्यांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, मुलांना ते बापाकडून आधीच माहीत असायचं. त्यांना त्या फळ्याशी उभं करून शिकवायला लावायच्या.

७ डिसेंबरला सशस्त्र सेना ध्वजदिन. त्यांच्या दुःखाच्या दिवसांच्या अगदी लगतचा. त्या दिवशी शाळेत छोटे झेंडे विकून निधी गोळा व्हायचा, तो हिशेब दुसऱ्या कुणाकडे कधी गेला नाही. रजा तर कधीच घेतली नाही.

दरवर्षी कुणी ना कुणी दुसऱ्या लग्नाचं काढायचं, चाळिशीपर्यंत. त्या नाही म्हणायच्या, कारण द्यायच्या नाहीत. मी मोठी झाल्यावर एकदा विचारलं. म्हणाल्या, "मला दुसरं कुणी नको होतं. एवढंच. त्यात व्रत वगैरे काही नाही."

तेव्हा ही दाराशी बसलेली बाई नव्हे. नवरा गेला हे तिला पक्कं माहीत होतं, आणि ते माहीत असून तिने त्याच्याशी नातं ठेवलं, वाढवलं, त्याचं ज्ञान शेकडो पोरांपर्यंत नेलं. मजकूर फिरवायचा तर हा फिरवा.

कोकणातल्या अशा आणखी स्त्रियांबद्दल कुणाला माहिती असेल तर जरूर लिहा.

---

दर्यावर्दी

बाईंना नमस्कार. वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही.

आमच्याकडे १९७१ म्हटलं की आधी खुकरी आठवते. ९ डिसेंबरच्या रात्री दीवच्या समुद्रात आयएनएस खुकरीला पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक बुडाले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून गेले नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्या १७६ च्या घरांबद्दल कुणी लिहीत नाही. किनाऱ्यावरची पोरं नौदलात जायची ती पिढीजात. समुद्रात गेलेला माणूस परत मिळत नाही हे आमच्या बायकांना युद्धाआधीही ठाऊक होतं, होड्या बुडतातच. म्हणून असेल, पण आमच्या वाडीतली एक आजी म्हणायची, "दर्यान न्हेलो." पाकिस्तानचं नाव तिने कधी घेतलं नाही. नारळी पौर्णिमेला समुद्रावर जायची, नारळ सोडायची आणि मागे न बघता परत यायची.

---

सड्यावरचा वारा

मी वायुसेनेत तंत्रज्ञ होतो, आता निवृत्त होऊन कुडाळजवळ असतो. एक गोष्ट समजावून सांगतो, कारण 'पॅराशूट का उघडलं नाही' हा प्रश्न घरच्यांना जन्मभर छळतो. 'त्याने प्रयत्न केला नाही का' असं मनात येत राहतं.

हंटर, सुखोई-७, मारुत ही विमानं त्या युद्धात मोठ्या प्रमाणावर जमिनीवरच्या लक्ष्यांवर हल्ला करायला वापरली गेली. रणगाडे, आगगाड्या, धावपट्ट्या, तोफखाना. त्यासाठी खाली यावं लागतं, अगदी झाडांच्या उंचीला, आणि मग लक्ष्यावर नाक खाली करून सूर मारावा लागतो. खालून विमानविरोधी तोफा आणि मशिनगना. आपली पुष्कळ विमानं या खालच्या माऱ्यानेच पडली, हवाई झुंजीत नव्हे. आता सूर मारताना विमानाला लागलं, तर जमीन येईपर्यंत हातात काही सेकंद. त्या काळच्या इजेक्शन सीटला, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीला, सुरक्षित उघडायला ठरावीक उंची आणि वेग लागायचा, आणि विमान खाली झुकलेलं असेल तर लागणारी उंची आणखी वाढते. आजच्या सीट जमिनीवर थांबलेल्या विमानातूनही माणूस वाचवतात. तेव्हा तसं नव्हतं. तो अधिकारी मागच्या विमानातून जे पाहून आला ते अगदी तसंच घडलेलं असणार. वैमानिकाकडून काही राहून गेलं असं मुळीच नाही.

आणि त्याने स्वतः येऊन सांगितलं, याला मी सॅल्यूट करतो. स्क्वाड्रनमध्ये हे काम कुणालाच नको असतं.

---

कवडसा

लेख मनापासून आवडला, पण एक टोचतं ते लिहिते. आपण अशा कथा वाचून हळवे होतो आणि नकळत एक मोजपट्टी तयार होते. जी राहिली ती थोर, जिने पुन्हा घर मांडलं ती जरा कमी. बाईंची निवड त्यांची होती हे मान्य. पण १९७२ च्या कोकणातल्या गावात ब्राह्मण-मराठा घरातल्या विधवेपुढे खरोखर किती वाटा होत्या? हळदीकुंकवाला बोलावणं नाही, डोहाळजेवणात पुढे यायचं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला तो मे २०२२ मध्ये. म्हणजे बाईंच्या जवळजवळ सगळ्या आयुष्यानंतर. पुरुषाच्या बाबतीत असा एकनिष्ठेचा धागा कधी निघाला आहे का?

---

माडाची सावली

+१ कवडसा. आदर पूर्ण आहे, पण हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

---

सुरंगी

@कवडसा, तुमचा प्रश्न बाईंना आवडला असता. त्यांच्यासमोर कुणी 'सती-सावित्री' म्हटलं की त्या उठून आत जायच्या.

हळदीकुंकवाचं म्हणाल तर बाईंना बोलावणं नसायचं, हे खरं. त्यांनी त्यावर भांडण काढलं नाही. त्या दिवशी त्या शाळेत दहावीच्या मुलींचा जादा गणिताचा तास ठेवायच्या, आणि आम्ही मुली आयांबरोबर हळदीकुंकवाला न जाता तिकडे जायचो. आयांनाही ते चालायचं. हे मला त्या वेळी कळलं नव्हतं, पण आता वाटतं की ते त्यांचं उत्तर होतं.

मोजपट्टीबद्दल मात्र एक सांगायलाच हवं, आधी लिहावं की नाही या विचारात होते. कारगिलनंतरच्या वर्षांत आमच्या जवळच्या एका गावातला जवान काश्मीरमध्ये गेला. बायको बावीस-तेवीसची, पदरात लहान मुलगी. सासरचे चांगले होते, पण तिने आता असंच राहायचं हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि उदाहरण कुणाचं दिलं जायचं? बाईंचं. 'त्या बघ, कशा राहिल्या.' हे कानावर आल्याबरोबर बाई एसटी पकडून त्या घरी गेल्या. त्या घरात काय बोलणं झालं ते मला पूर्ण माहीत नाही. पण पुढे त्या मुलीचं लग्न झालं आणि बाई त्याला उभ्या राहिल्या, सगळ्यात पुढे.

---

खाडीपलीकडे

सुरंगीताई, मी इथे फक्त वाचक आहे, आज पहिल्यांदा लिहितेय. ती माझी मोठी बहीण.

त्या घरात काय बोलणं झालं ते मी सांगू शकते, मी दाराआड उभी होते. बाईंनी ताईच्या सासऱ्यांना आधी त्यांच्या मुलाबद्दल विचारलं. शाळेत कसा होता, काय आवडायचं, सुट्टीवर आला की काय करायचा. बराच वेळ तेच. सासरे रडले, तोवर त्या घरात कुणी पुरुष रडला नव्हता. मग बाई म्हणाल्या, "माझं नाव घेऊन या मुलीला बसवू नका. मी राहिले कारण मला राहायचं होतं. हिला विचारा, हिला काय हवंय."

ताईला विचारलं तर ताई काहीच बोलली नाही. बाई म्हणाल्या, "आज नको सांगूस. मी परत येईन." आणि खरंच येत राहिल्या. ताईला घेऊन जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात गेल्या, कागद लावले, पुन्हा लग्न केलं तर पेन्शनचं काय, मुलीच्या वाट्याचं काय, सगळं लेखी विचारून घेतलं. ताईने हो म्हणायला पुष्कळ वेळ घेतला. लग्नात कन्यादान तिच्या पहिल्या सासऱ्यांनीच केलं.

ताईच्या घरात आजही तिच्या पहिल्या नवऱ्याचा गणवेशातला फोटो भिंतीवर आहे. भाऊजींनीच खिळा ठोकून लावला. मुलीला दोन्ही बाबा माहीत आहेत. बाई गेल्याचं कळलं तेव्हा ताई आईच्या वेळी रडली नव्हती एवढी रडली.

---

कवडसा

खाडीपलीकडे, हे लिहिल्याबद्दल तुमचे खूप आभार. माझ्या प्रश्नाला याहून पुरं उत्तर नाही.

---

कज्जेदलाल नव्हे वकील

वर दिराशी लग्नाचा विषय आला आहे त्यामागचा नियम सांगतो, कारण तो केवळ गावच्या लोकांच्या डोक्यातून आलेला नव्हता.

१९७१ च्या युद्धानंतर, १९७२ मध्ये केंद्र सरकारने युद्धात गेलेल्यांच्या कुटुंबांसाठी उदारीकृत कुटुंब निवृत्तिवेतन आणलं. नेहमीच्या कुटुंब पेन्शनपेक्षा ते बरंच जास्त होतं. पण विधवेने पुन्हा लग्न केलं की ते थांबायचं, आणि याला अपवाद होता दिवंगत पतीच्या सख्ख्या भावाशी लग्नाचा. म्हणजे शासनाच्या कागदावरच हा मार्ग आखलेला होता. किती घरांत या एका अटीपायी मुलींची लग्नं दिरांशी लागली असतील, त्यातली किती मनापासून आणि किती नाइलाजाने, हे कुठेही नोंदलेलं नाही. वीरता पुरस्कारांबरोबर मिळणाऱ्या भत्त्यालाही हीच दिराची अट होती. ती काढून टाकली ती नोव्हेंबर २०१७ मध्ये. आता पुन्हा कुणाशीही लग्न केलं तरी तो भत्ता बंद होत नाही. पेन्शनचे नियमही मधल्या काळात बरेच सैल झाले आहेत, पण प्रत्येक प्रकरण वेगळं असतं. पती कसा गेला, मुलं आहेत का, ती कुणाकडे राहतात यावर ठरतं. तेव्हा ओळखीच्या कुणी काही सांगितलं म्हणून निर्णय घेऊ नका. बाईंनी केलं तेच करा, लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

त्याच १९७२ सालात मोहिनी गिरी यांनी दिल्लीत युद्धविधवांची संघटना उभी केली. त्यांच्यामुळे या स्त्रियांचे प्रश्न दयेच्या कक्षेतून हक्काच्या कक्षेत आले.

---

तांबडी माती

बाई म्हणाल्या ना, तो आला नसता तर मी दाराकडे बघत बसले असते. हे वाचल्यापासून माझ्या डोक्यात दमयंती तांबे आहेत.

फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे, सुखोई-७ चे वैमानिक, डिसेंबर १९७१ च्या पहिल्याच आठवड्यात पाकिस्तानातल्या शोरकोट विमानतळावरच्या हल्ल्यातून परतले नाहीत. दमयंती तेव्हा देशातल्या आघाडीच्या बॅडमिंटनपटू, राष्ट्रीय विजेत्या, १९७० च्या अर्जुन पुरस्काराच्या मानकरी. लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. पाकिस्तानातल्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची नावं छापून आली, त्यात 'तांबे'शी मिळतंजुळतं नाव होतं. म्हणजे ते जिवंत पकडले गेले अशी आशा. पण युद्धकैदी परत आले त्यात ते नव्हते.

इथून जे सुरू झालं ते आजतागायत संपलेलं नाही. अशा बेपत्ता सैनिकांची यादी ५४ जणांची म्हणून ओळखली जाते. १९८३ मध्ये काही नातेवाईक मुलतानच्या तुरुंगात जाऊन आले, २००७ मध्ये १४ नातेवाइकांचं पथक पाकिस्तानातले तुरुंग पाहून आलं, दमयंतीही त्यात होत्या. हाती काही लागलं नाही. त्यांनी स्पर्धात्मक खेळ सोडला, दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात क्रीडा विभागात नोकरी केली, पुन्हा लग्न केलं नाही, आणि मंत्री बदलले, सरकारं बदलली तरी प्रत्येकाच्या दारात गेल्या.

आपल्या विमानवाल्या बाईंकडे तो मित्र बोटीने आला आणि सगळं सांगून गेला. दमयंतींना असं सांगणारं कुणीच भेटलं नाही. कुणी म्हणे अमुक तुरुंगात पाहिलं, कुणी म्हणे आवाज ऐकला. शोक करायचा तर तो नवऱ्याचा विश्वासघात वाटतो, आणि आशा धरायची तर ती रोज मोडते. दोघींची निष्ठा सारखीच खोल आहे, पण एकीला तिच्यावर घर बांधता आलं आणि दुसरीला पायाच मिळाला नाही. मला यातला फरक फार महत्त्वाचा वाटतो. युद्धात जाणाऱ्याच्या घरच्यांना आपण निदान खरं सांगणं एवढं तरी देणं लागतो.

---

कज्जेदलाल नव्हे वकील

@तांबडी माती, पुरेपूर सहमत. कायद्यात सात वर्षं खबरबात नसेल तर, आधी पुरावा कायदा १८७२ च्या कलम १०८ प्रमाणे आणि जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३ च्या कलम १११ प्रमाणे, माणूस जिवंत आहे हे सिद्ध करायचा भार तसं म्हणणाऱ्यावर जातो. कागदाचं काम त्याने होतं. बायकोचं मन त्याने कसं मानावं?

---

गावठाण

आमच्या गावात शाळेच्या भिंतीवर संगमरवरी पाटी आहे, पहिल्या महायुद्धाची. रत्नागिरी जिल्ह्यात आणि घाटावरही अशा पाट्या पुष्कळ गावांत आहेत, ब्रिटिशांनी लावलेल्या: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात गेले, त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. फक्त आकडे. गेलेल्यांची नावंही नाहीत, मग मागे राहिलेल्या बायकांची कुठून असणार. मेसोपोटेमिया कुठे आहे हे त्या बायकांना कुणी सांगितलं असेल का? हा धागा वाचून काल मुद्दाम ती पाटी पुसून आलो. ग्रामपंचायतीकडे जुनी कागदपत्रं असतील तर निदान नावं शोधावीत म्हणतो. कुणाला अशा कामाचा अनुभव असेल तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

---

सुरंगी

सर्वांचे मनापासून आभार. खाडीपलीकडे, तुमच्या ताईंना माझा नमस्कार सांगा.

एक मदत हवी आहे. बाईंच्या पुतण्याने, म्हणजे त्या दिरांच्या मुलाने, लॉगबुक आणि हवामानाची वही माझ्याकडे पाहायला दिली आहे. वहीच्या कडा कसरीने खाल्ल्या आहेत, लॉगबुकच्या काही पानांना बुरशी धरली आहे, शाई पसरायला लागली आहे. पाऊस तोंडावर आहे. काय करावं? कुणीतरी लॅमिनेशन करा म्हणालं.

---

सड्यावरचा वारा

लॅमिनेशन अजिबात नको! सेलोटेपही नको. दोन्ही कागदाचा जीव घेतात आणि परत काढता येत नाहीत.

आधी फोटो काढून घ्या, प्रत्येक पानाचा, कोरं असलं तरी. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता, वही पूर्ण उघडायचा हट्ट न करता, नाहीतर शिवण तुटेल. बुरशी ओल्या कपड्याने पुसू नका. कोरड्या, वारा खेळत्या जागी सावलीत ठेवा, उन्हात नव्हे, शाई उडते. बुरशी पूर्ण सुकली की मऊ ब्रशने घराबाहेर हलकेच झटका, तोंडाला मास्क लावून. मग सुती कापडात गुंडाळून सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात. पुड्या पावसाळाभर बदलत राहा. लोखंडी ट्रंकेत परत ठेवू नका, आतून दव धरतं.

पुढे घरच्यांची इच्छा असेल तर दिल्लीत पालमला वायुसेनेचं संग्रहालय आहे, तिथे पत्र लिहून विचारता येईल. मूळ प्रत द्यायची की घरी ठेवायची हे मात्र पुतण्यानेच ठरवावं, घाई नको.

---

दर्यावर्दी

कणकवलीत माझ्या मित्राकडे पुस्तकं पूर्ण न उघडता वरून स्कॅन करायचं यंत्र आहे. सुरंगीताई, पुतण्याची हरकत नसेल तर या शनिवारी मी देवगडला येतो आणि स्वतः घेऊन जातो, स्वतः परत आणतो. पैसे लागणार नाहीत. फोन नंबर व्यनि केला आहे.

---

सुरंगी

पुतण्याशी बोलले. तो म्हणतो शनिवारी तोही येतो कणकवलीला, वही त्याच्याच हातात राहील. चालेल ना?

---

दर्यावर्दी

चालेल म्हणजे काय, उत्तमच. देवगड स्टँडवर सकाळी आठ वाजता. कुडाळच्या आपल्या निवृत्त वायुसैनिकांनाही बोलावतो, लॉगबुकातले रकाने वाचून सांगायला माणूस हवाच.

---

सड्यावरचा वारा

येतो. वाचायचा चश्मा आणि भिंग घेऊन येतो.